जाग आहे, शुद्ध नाही : दारूत एनर्जी ड्रिंक मिसळण्याविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात जागरणाविषयी लिहिताना दारू आणि एनर्जी ड्रिंक यांच्या मिश्रणाचा मी ‘कॅफीन नशा झाकते’ अशा एका वाक्यात ओझरता उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. मधुमेह आणि गुडघेदुखीचे प्रश्न पाठवणाऱ्या वाचकांनी एक महिना धीर धरावा, ही विनंती. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत आणि लांबलेली पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सा. न. वि. वि. माझा मुलगा बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. दिवाळीला घरी आला तेव्हा मी त्याची बॅग धुवायला काढली, तर आत दारूचे एक रिकामे पॅकेट आणि एनर्जी ड्रिंकच्या दोन बाटल्या निघाल्या. विचारल्यावर तो म्हणाला, “दारू कडू लागते म्हणून त्यात घालतो. ते पेय तर दुकानात लहान मुलंही घेतात.” या दोन्हींच्या मिश्रणातून काही विष तयार होते काय? यजमानांना मी अजून काही सांगितलेले नाही. (एक आई, खानापूर तालुका)

उत्तर : ताई, आधी आपल्या थेट प्रश्नाचे उत्तर देतो. दोन्ही एकत्र केल्याने ग्लासात तिसरे कोणतेही विष तयार होत नाही; दारूतले अल्कोहोल अल्कोहोलच राहते आणि पेयातले कॅफीन कॅफीनच राहते. जे काही बिघडते ते मेंदूत बिघडते, आणि ते कसे बिघडते हे आपल्याला कळले तर मुलाशी बोलणे सोपे जाईल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे एक द्रव्य हळूहळू साचत जाते. ते मेंदूतील ठरावीक जागांवर जाऊन बसले की झापड येते, अंग जड होते आणि आता पडावे असे वाटू लागते. कॅफीनच्या रेणूची घडण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती असते की तो आधीच त्या जागा अडवतो. खानापूरच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसाच हा प्रकार आहे : जागा धरली जाते, पण उभे असलेले प्रवासी बसमधून नाहीसे होत नाहीत. झोप गेलेली नसते, ती दाटीवाटीने उभी असते आणि रुमाल उचलला जाण्याची वाट पाहत असते. काही तासांनी कॅफीन उतरते, तेव्हा माणूस एकाएकी गळून पडतो तो यामुळेच.

दारूचे काम निराळ्या वाटांनी चालते. मेंदूतील पेशींना थोपवणारे संदेश ती वाढवते आणि चेतवणारे संदेश कमी करते. त्यामुळे आधी संकोच जातो, मग विवेक, मग तोल आणि शेवटी शुद्ध. याच ओघात अ‍ॅडेनोसिनचा प्रभाव वाढवून ती झोपही आणते. आपल्या खेड्यांत पूर्वी जास्त प्यालेला माणूस ओट्यावरच आडवा होत असे. घरच्यांना त्याची लाज वाटे, पण त्या आडवे होण्यातच त्याचा बचाव असे, कारण झोपलेला माणूस चौथा पेला भरत नाही आणि गाडीला किकही मारत नाही. कॅफीन जी गोष्ट काढून घेते ती नेमकी हीच. विवेक आणि तोल बिघडलेलेच राहतात; फक्त झोप येत नाही.

आता आपल्या मुलाच्या दुसऱ्या म्हणण्याविषयी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे कॅफीनयुक्त पेयात दर लिटरला किमान १४५ आणि कमाल ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या एका बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम, जे साधारण दोन कप चहाइतके झाले. एका धडधाकट प्रौढ माणसाला एवढ्याने काही होत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. परंतु ही पेये लहान मुलांसाठी, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी आणि कॅफीन न सोसणाऱ्यांसाठी योग्य नाहीत, आणि दिवसाला ५०० मिलिलिटरहून जास्त घेऊ नयेत, अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. ती सूचना बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत असते, म्हणून आपल्या भागातील किराणा दुकानात ती कोणी वाचत नाही. मुलाला ती बाटली हातात देऊन मोठ्याने वाचायला सांगा. बाटली वेफर्सच्या शेजारी टांगलेली असते म्हणून ती मुलांसाठी असते, असे मुळीच नाही.

कडवटपणा जावा म्हणून ते घालतो, असे तो म्हणतो, आणि ते खरेही असेल. मला काळजी वाटते ती त्याच कारणाची. दारूची कडू चव आणि घशाची जळजळ यांमुळे नवशिका माणूस आपोआप सावकाश पितो. साखर, आंबटपणा आणि सोड्याचे बुडबुडे यांनी ती चव झाकली की दारू सरबतासारखी उतरते, आणि ज्या वेळात एक पेला संपायचा त्या वेळात तीन संपतात.

बोलताना त्याला आरोपी करू नका. किती, किती वेळा, कोणाबरोबर, आणि परत येताना गाडी कोण चालवते, एवढे चार प्रश्न शांतपणे विचारा, आणि उत्तर ऐकताना तोंडावर राग दिसू देऊ नका. कर्नाटकात २१ वर्षांखालील व्यक्तीला दारू विकता येत नाही, हेही त्याच्या कानावर घाला. एकटा असताना पिणे, सकाळी प्यावेसे वाटणे, तास बुडणे, उसनवारी वाढणे यांपैकी काही दिसले तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदत क्रमांकावर किंवा १४४१६ या टेलिमानस नावाच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर फोन करता येतो. यजमानांना सांगावे असे माझे मत आहे, परंतु मुलाशी पहिले बोलणे आपले असावे. बॅग आपण उघडली आणि आपल्याला तो खरे बोलला, ही जमेची बाजू आहे.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून उद्यमबागेतील एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. पावसाळ्यात आम्ही मित्र मोटारसायकलींवरून जांबोटी, चोर्ला घाट या बाजूला जातो. नुसती दारू घेतली की मला गरगरते आणि झोप येते. तीच एक क्वार्टर दोन बाटल्या एनर्जी ड्रिंकमधून घेतली तर डोके अगदी स्वच्छ राहते आणि रात्री दोन वाजतासुद्धा मी नीट गाडी चालवत वडगावला घरी येतो. मला ती चढतच नाही. काही लोकांचे शरीर असे असते काय? (एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर : नाही. ती आपल्याला चढते, पण चढल्याचे कळत नाही.

आपण हिशेबाचे काम करणारे आहात, म्हणून हिशेबच मांडतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये त्या मानाने ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल येते, आणि वजनात ते सुमारे ६० ग्रॅम भरते. आपले वजन ६५ किलो धरले, तर हे सर्व रक्तात मिसळल्यावर दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण १३० ते १४० मिलिग्रॅम अल्कोहोल होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे वाहन चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. उपाशीपोटी घेतलेला ६० मिलिलिटरचा एकच मोठा पेग पासष्ट किलोच्या माणसाला या मर्यादेपलीकडे नेऊ शकतो.

यकृत दारू जाळते ती ठरलेल्या गतीने, तासाला दर १०० मिलिलिटर रक्तामागे सुमारे १५ मिलिग्रॅम या दराने. ती गती कॅफीनने वाढत नाही. काळ्या कॉफीने, लिंबाने, ताकाने, डोक्यावर ओतलेल्या गार पाण्याने किंवा धाब्यावरच्या तिखट रश्श्यानेही वाढत नाही. आपण रात्री नऊला बसलात असे समजू. दोन वाजता, म्हणजे आपण घाटातून परत निघता त्या वेळी, रक्तात अजून साठच्या वर मिलिग्रॅम उरलेले असते, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. मर्यादेखाली यायला पहाटेचे चार वाजतात, आणि ते पूर्ण जायला सहा. हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. एखाद्याला जास्त वेळ लागेल, एखाद्याला थोडा कमी. कॅफीन मात्र साधारण पाच तासांत निम्मे होते, म्हणून दोन बाटल्यांतल्या १५० पैकी ७५ मिलिग्रॅम त्या वेळी शरीरात जागेच असते आणि आपल्याला ‘स्वच्छ’ वाटायला लावते.

ब्राझीलमधील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तरुणांना कधी नुसती दारू, तर कधी दारू आणि एनर्जी ड्रिंक एकत्र देऊन पाहिले. मिश्रण घेतल्यावर त्यांना डोकेदुखी, अशक्तपणा आणि हालचालींतील अडखळणे कमी जाणवले. प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा मात्र श्वासातील अल्कोहोल तेवढेच होते आणि हातांच्या हालचाली तेवढ्याच बिघडलेल्या होत्या. इतर प्रयोगांत असेही दिसले आहे की कॅफीन दारूने मंदावलेल्या प्रतिक्रियेला थोडा वेग देते, पण त्या प्रतिक्रियेतल्या चुका कमी करत नाही. घाटातल्या वळणावर याचा अर्थ काय होतो, तो पाहा : ब्रेक वेळेवर दाबला जाईल, पण दाबायला नको होता तिथे दाबला जाईल.

आपल्या फौंड्रीत भट्टीचा तापमापक बंद पडला म्हणून आतला रस थंड झाला असे आपण कोणा कामगाराला समजू द्याल काय? गरगरणे आणि झोप हे आपल्या अंगातले तापमापक आहेत. त्यांनी आपल्याला पूर्वी योग्य वेळी सांगितले होते, आणि आपण ते काढून ठेवले.

या हिशेबाला बाहेरच्या अनुभवाचाही आधार आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात दहा विद्यापीठांतील ४,२७१ विद्यार्थ्यांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. महिन्याभरात दारू प्यालेल्यांपैकी सुमारे चोवीस टक्के विद्यार्थ्यांनी ती एनर्जी ड्रिंकबरोबर घेतली होती, आणि जखमी होणे, उपचारांची गरज पडणे, प्यालेल्या चालकाच्या गाडीत बसणे हे प्रकार त्यांच्यात नुसती दारू पिणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले.

चोर्ल्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात दुपारीसुद्धा दहा फुटांवरचे दिसत नाही, हे आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. जायचे असेल तर जा. मी घाट बंद करायला निघालेलो नाही. मात्र प्यायचे असेल तर तिथेच मुक्काम करा आणि सकाळी पोटभर खाऊन, उशिरा निघा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ही शिक्षा मी सर्वांत शेवटी सांगतो, कारण त्या रस्त्यावर पोलीस भेटणे हा त्या रात्रीतला सर्वांत बरा प्रसंग म्हणावा लागेल.

प्रश्न : मी औषधविक्रेता आहे. आपण मागील अंकात लिहिले की कॅफीन नशा झाकते. परंतु युरोपातील अन्न सुरक्षा प्राधिकरणाने याच्या उलट मत दिल्याचे माझ्या वाचनात आहे. मग नेमके काय खरे? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : हरकत रास्त आहे, आणि माझे मागील वाक्य जरा सैल होते हे मान्य करतो. युरोपीय प्राधिकरणाने २०१५ मध्ये कॅफीनच्या सुरक्षिततेविषयी मत दिले. निरोगी प्रौढाला एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते, आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफीन नशेची जाणीव झाकण्याची शक्यता कमी आहे, असे त्यात म्हटले आहे. परंतु तिथेच एक अट आहे, जी बातम्यांत गळते : हे विधान रक्तातील अल्कोहोल दर १०० मिलिलिटरला सुमारे ८० मिलिग्रॅम असेपर्यंतचे आहे. वडगावच्या वाचकांचा वरचा आकडा पाहिलात, तर ते त्या कक्षेच्या बरेच बाहेर आहेत, हे आपल्या लक्षात येईल.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की जे तरुण मुळातच धाडसी असतात तेच असली मिश्रणे घेतात, म्हणून अपघातांचा दोष मिश्रणावर टाकता येत नाही. हा आक्षेपही मी फेटाळत नाही, कारण पाहण्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. माझे मत तरीही बदललेले नाही. झाकणे पूर्ण असो वा अर्धवट, जाणवणारी नशा आणि असलेली नशा यांच्यात फट पडते एवढे मला पुरेसे वाटते, कारण आपल्याकडे माणूस गाडीची किल्ली काढतो ती जाणवणाऱ्या नशेच्या भरवशावर. आपल्या दुकानापुरती एक गोष्ट : सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक औषध घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या शरीरात कॅफीन नेहमीपेक्षा जास्त काळ रेंगाळते. गोळ्या देताना हे सांगत चला.

प्रश्न : या पेयांत ‘टॉरिन’ असते आणि ते बैलापासून काढतात, असे आमच्या गल्लीत सर्व जण म्हणतात. आम्ही जैन आहोत. मुलगा परीक्षेच्या काळात हे पेय घेतो. खरे काय? (निपाणी)

उत्तर : नावामुळे झालेला हा गैरसमज आहे. १८२७ मध्ये टीडमान आणि ग्मेलिन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी हे द्रव्य प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळे केले, म्हणून लॅटिनमधील बैलवाचक शब्दावरून त्याचे नाव पडले. आज पेयांत जाणारे टॉरिन कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होते. ते आपले शरीरही बनवते आणि आईच्या दुधातही ते असते. वेष्टनावर हिरवा ठिपका आहे ना, एवढे पाहून घ्यावे. मुलाला जागे ठेवते ते कॅफीन, आणि तेच काम दोन कप चहा कमी पैशांत करतो. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप हे दोन्हींपेक्षा बरे असते. दारूविषयी आपण काही विचारलेले नाही, म्हणून मीही काही सांगत नाही.

प्रश्न : हायवेलगत आमचे बार अँड रेस्टॉरंट आहे. हल्ली तरुण गिऱ्हाइके वोडका आणि एनर्जी ड्रिंक मागतात. गडहिंग्लज, चंदगडकडूनही मुले येतात. अमेरिकेत यावर बंदी आहे असे ऐकतो. मग आम्ही ते द्यावे की नाही? (संकेश्वर परिसर)

उत्तर : अमेरिकेतील गोष्ट अर्धी सांगितली जाते. तिथे बारमध्ये ग्लासात केलेल्या मिश्रणावर ती कारवाई नव्हती. कारखान्यातच कॅफीन घालून डबाबंद केलेल्या बिअरसदृश पेयांवर होती. १७ नोव्हेंबर २०१० रोजी तेथील अन्न व औषध प्रशासनाने अशा चार कंपन्यांना पत्रे पाठवून, त्यांच्या पेयांत घातलेले कॅफीन हा असुरक्षित मिश्रक पदार्थ ठरतो असे कळवले. त्यांपैकी ‘फोर लोको’ या पेयाचा सर्वांत गाजावाजा झाला, कारण त्या वर्षी ते प्यालेले विद्यार्थी इस्पितळात दाखल झाले होते. त्याचा एक डबा सुमारे ६९५ मिलिलिटरचा आणि अल्कोहोल १२ टक्क्यांपर्यंत, म्हणजे गणित केले तर एका डब्यात आपल्या क्वार्टरहून थोडी जास्तच दारू भरते. फळांच्या चवीचा, रंगीत डबा, आणि उघडला की संपवायचा. कंपनीने पुढे त्यातून कॅफीन, ग्वाराना आणि टॉरिन काढून टाकले. ग्वाराना हे ब्राझीलकडच्या एका वेलीचे बी, आणि त्यातही कॅफीनच असते. तेव्हा वेष्टनावर ‘वनस्पतिजन्य’ असे वाचून फसू नये.

आपल्याला माझा सल्ला डॉक्टर म्हणून आहे. सीमेपलीकडून येणाऱ्या मुलांचे वय आवर्जून तपासा. महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे आणि आपल्याकडे २१ ची. त्यामुळे तिकडे न मिळालेला पेला इकडे मागायला येणारे असणारच, आणि एकविसाच्या आतले पुष्कळ जण त्यांत मिसळून येतात. दारू आणि पेय वेगवेगळे द्या, आधी मिसळून जग भरून देऊ नका. माणूस स्वतः ओततो तेव्हा निदान मोजतो. टेबलावर न मागता पाणी ठेवा आणि खाणे लवकर पाठवा. मिश्रण पिणारे गिऱ्हाईक पेंगत नाही, उत्साहात असते, म्हणून आपल्या वेटरना ते शुद्धीत वाटते. म्हणून त्यांना सांगून ठेवा की गिऱ्हाइकाचे तोंड पाहू नका, बिल पाहा. बिलावर किती पेग झाले ते लिहिलेले असते.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा शिक्षक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. शनिवारी दोन पेग रम कोलामधून घेण्याची जुनी सवय आहे. गेल्या महिन्यात पुतण्याने कोलाऐवजी एनर्जी ड्रिंक घातले, तर रात्रभर छाती धडधडत होती आणि नाडी अडखळत असल्यासारखी लागत होती. सकाळी सर्व ठीक झाले. (चिकोडी)

उत्तर : गुरुजी, सकाळी ठीक झाले म्हणून हा विषय सोडू नका, या आठवड्यात ईसीजी काढून घ्या आणि डॉक्टरांना पुतण्यासकट सर्व हकीकत सांगा. कोलामध्ये दर १०० मिलिलिटरला साधारण १० मिलिग्रॅम कॅफीन असते, तर या पेयांत जवळजवळ तिप्पट. कॅफीन काही तास रक्तदाब वाढवते. दारू हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडवू शकते. एरवी निरोगी असणाऱ्या माणसांची नाडी सुट्टीतल्या मद्यपानानंतर अनियमित होते, असे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९७८ मध्ये नोंदवले आणि त्या प्रकाराला ‘सुट्टीचे हृदय’ अशा अर्थाचे नाव दिले. आपल्या धडधडीचे कारण तेच असेल असे मी पत्रावरून म्हणू शकत नाही, पण वय आणि रक्तदाब पाहता ते नाही हे तपासून घ्यायलाच हवे. गोळी बंद करू नका. एनर्जी ड्रिंक आपल्यासाठी कायमचे वर्ज्य समजा, आणि शनिवारच्या दोन पेगांविषयीही त्याच भेटीत आपल्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. पुन्हा धडधड होऊन छातीत दुखले, धाप लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा.

प्रश्न : शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आमच्यातला एक जण असेच मिश्रण पीत पहाटेपर्यंत नाचत होता आणि मग एकाएकी कोसळला. आम्ही त्याला मंडपात उताणे झोपवले आणि तोंडावर पाणी मारत बसलो. तो वाचला, पण आमचे काय चुकले ते सांगावे. (एक कार्यकर्ता, बेळगाव)

उत्तर : सर्वांत मोठी चूक एक झाली, आणि ती जिवावर बेतणारी होती : त्याला उताणे झोपवले. बेशुद्ध माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते, आणि दारूने होणाऱ्या मृत्यूंमध्ये हे एक नेहमीचे कारण आहे. कुशीवर वळवायचे, वरचा गुडघा पुढे दुमडायचा म्हणजे तो पुन्हा उताणा होत नाही, आणि तोंड किंचित खाली राहील असे पाहायचे. तोंडात काहीही घालायचे नाही. पाणी, ताक, लिंबू, कॉफी यांपैकी काहीच नाही. उलटी काढण्यासाठी घशात बोटे घालायची नाहीत. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि अंगातली उष्णता बाहेर जाते, म्हणून पहाटेच्या गारव्यात त्याच्यावर पाणी ओतण्यापेक्षा चादर घालणे योग्य होते.

तो दिवसभर पाणी न पिता, उन्हात आणि ढोल-ताशाच्या गर्दीत होता, हे आपण पत्रात पुढे लिहिले आहे. दारू शरीरातले पाणी लघवीवाटे बाहेर काढते, नाचण्याचा घाम त्यावर, आणि थकवा जाणवू न देणारे पेय हातात. ‘एकाएकी’ कोसळला असे आपल्याला वाटले, पण तो दोन-तीन तास आधीच कोसळायला हवा होता.

हाक मारून, खांद्यावर जोरात थोपटून तो जागा होत नसेल; श्वास मिनिटाला आठांहून कमी किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांचे अंतर पडत असेल; ओठ निळसर, अंग गार आणि ओलसर झाले असेल; किंवा झटके येत असतील, तर यांपैकी एक गोष्टही १०८ ला फोन करायला पुरेशी आहे. घरी कळेल, मंडळाचे नाव खराब होईल, पोलीस विचारतील, या विचारात वेळ घालवू नका. इस्पितळात गेल्यावर तो काय प्यायला, किती वाजेपर्यंत आणि त्यात कोणते पेय होते, हे तिन्ही सांगा. कॅफीनमुळे वाढलेली नाडी पाहून डॉक्टरांचा तर्क भलतीकडे जाऊ शकतो. रिकामी बाटली सोबत नेली तर आणखी चांगले.

आणि तो जागा होऊन दोन शब्द बोलला, तरी त्याला एकटे सोडून सगळ्यांनी मिरवणुकीकडे पळू नये. पोटात उरलेली दारू रक्तात उतरत असते, म्हणून शेवटच्या पेल्यानंतरही काही काळ नशा वाढत राहते. दोन तास कोणीतरी जवळ बसून त्याचा श्वास मोजावा, आणि तो बसणारा माणूस न प्यालेला असावा.